माळावरची मयूरशिखा, बारवेतला हंसराज

मराठवाड्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यात नेचा बसत नाही. नेचा म्हटले की आंबोली, महाबळेश्वर, कोकणातल्या आगराचा एखादा गारठलेला कोपरा. आपल्या वाट्याला बाभूळ, बोर, तरवड आणि कुसळी गवत. शाळेच्या पुस्तकातही अबीजी वनस्पतींच्या धड्यात ‘दमट व सावलीच्या जागी वाढतात’ हे वाक्य ठरलेले असते, आणि ते पाठ करताना परभणी-हिंगोलीकडचा विद्यार्थी हा धडा परमुलखाचा आहे असे समजून चालतो. या वाक्याबद्दल माझी तक्रार आहे. आमच्याकडच्या गढ्यांच्या भिंती, बारवा, तळ्यांचे काठ आणि मुरमाड माळ पाहत हिंडताना माझे असे मत होत गेले की या वनस्पतींना जागा ओली नसली तरी चालते, वेळ मात्र ओली लागते. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि तोही मनाला येईल तेव्हा पडणाऱ्या या मुलखात अशी वेळ वर्षातून काही आठवडेच येते. तेवढ्यात आपला संसार उरकून घेणाऱ्या वनस्पतींविषयी हा लेख आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. अबीजी वनस्पती म्हटल्यावर लातूर-धाराशिवकडची बिनबियांची द्राक्षे किंवा अर्धापूरची केळी कोणाला आठवतील, तर त्यांचा इथे काही संबंध नाही. द्राक्ष आणि केळ ही सपुष्प, बीजधारी कुळातलीच झाडे आहेत. त्यांच्या काही जातींत बी धरत नाही इतकेच. काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूलही यात येत नाही, कारण ते कवक आणि शैवल यांचे एकत्र कुटुंब आहे. शैवलांचा अफाट पसारा मी मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण त्यांचे घर मुख्यतः पाण्यात आहे आणि माझे कुतूहल जमिनीवर उतरलेल्यांविषयी आहे. उरतात ते दोन मोठे समूह. पहिला शेवाळींचा: हरिता (मॉस), यकृतका (लिव्हरवर्ट) आणि शृंगका (हॉर्नवर्ट) मिळून जगभर सुमारे २०,००० जाती. यांना खरे मूळ नाही आणि पाणी वाहून नेणाऱ्या काष्ठमय नळ्याही नाहीत. दुसरा समूह नळ्या असलेल्यांचा: नेचे आणि त्यांचे आप्त साधारण १०,५०० जातींचे, तर लायकोपोडियम, सिलाजिनेला आदींचे वेगळे घराणे १,३०० च्या आसपास जातींचे. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जातींपुढे ही संख्या किरकोळ वाटते खरी. पण जमिनीवर वनस्पती आल्या त्याला साधारण ४७ कोटी वर्षे झाली आणि पहिली बी तयार झाली ती सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी. मधल्या दहा कोटी वर्षांत पृथ्वीवर जे काही हिरवे होते ते सगळे बीवाचूनच चालले होते.

बी ही आईने बांधून दिलेली शिदोरी आहे. तिच्यात अर्धवट वाढलेले रोप असते, त्याला पुरेल इतके अन्न असते आणि वरून जाड साल असते. ज्वारीचा दाणा कणगीत वर्ष काढतो आणि मृगात पेरला की उगवतो, तो या शिदोरीच्या जोरावर. बीजधारी झाडांनी आणखी एक सोय करून घेतली: नराची पेशी परागकणात बसून वाऱ्यावर किंवा माशीच्या पायाला चिकटून मादीपर्यंत पोहोचते, मध्ये पाणी लागत नाही. अबीजींकडे या दोन्ही सोयी नाहीत. त्यांचा बीजाणू ही जेमतेम एका पेशीची धूळ असते. तिच्यात रोप नसते, अन्न नाममात्र असते. आणि नराच्या पेशीला मादीपर्यंत पोहत जावे लागते. थेंबभर का होईना, पाणी हवेच. मग उन्हाळ्यात पारा चाळीस-बेचाळीसवर जाणाऱ्या मुलखात हे कसे निभते?

याचे पहिले उत्तर मला मयूरशिखेने दिले. आमच्या भागातल्या जुन्या गढीचा पाया काळ्या दगडाचा आणि वरचे बांधकाम पांढरीच्या मातीचे असते. त्या पायाच्या दगडांमध्ये जिथे चुना निखळला आहे तिथे वीतभरही उंच नसलेला हा नेचा झुबक्यांनी उगवतो. त्याचे पान ताडाच्या पानाची छोटी प्रतिकृती म्हणावे असे असते: एका बारीक देठाच्या टोकाला अरुंद, चिवट पट्ट्या पंख्यासारख्या पसरलेल्या. पट्टी उलटी करून भिंगाखाली धरली तर तिच्या दोन्ही कडा आत वळलेल्या दिसतात आणि त्या मुडपीत बीजाणुधानींच्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांच्या, तपकिरी रांगा दडलेल्या असतात. शास्त्रीय नाव अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की पट्ट्या आत वळतात, पंखा मिटतो, आणि चैत्रात पाहावे तर वाळक्या काडीचा चुरगळा हाती लागतो. पहिला बरा पाऊस झाला की एकदोन दिवसांत तोच चुरगळा उलगडून हिरवा होतो. हे नवे पान नसते, जुनेच असते. गढीजवळ शेळ्या घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना मी हे कौतुकाने दाखवले तेव्हा ते म्हणाले, “त्याला काय होतंय? पाणी पडलं की जित्तं होतंय, ऊन पडलं की झोपतंय. तुमी आत्ता बगितलं व्हय?”

बाबांनी एका वाक्यात सांगितले त्याचा उलगडा करायला शास्त्राला बराच वेळ लागला. बहुतेक झाडांच्या पेशीतले पाणी निम्म्याच्या खाली गेले की पेशी मरते, कारण तिची पटले फाटतात आणि प्रथिने एकमेकांना चिकटून निकामी होतात. पुनरुज्जीवन पावणाऱ्या वनस्पती मात्र वाळता वाळताच तयारी करतात. पेशीत शर्करा साठवली जाते आणि पाणी निघून जाईल तशी ती घट्ट होत काचेसारखी गोठते; तिच्यात पटले आणि प्रथिने आहेत तिथे जखडून राहतात. काही खास प्रथिने हेच काम आणखी निगुतीने करतात. अशा अवस्थेत श्वसन, प्रकाशसंश्लेषण, सगळे थांबते. मरण आणि झोप यांतला फरक आपल्याला ज्या खुणांवरून कळतो त्यांतली एकही खूण तेव्हा दिसत नाही. भिंतींवरच्या कितीतरी हरिता हेच करतात, आणि सिलाजिनेलाची एक जात तर ‘संजीवनी’ या नावाने यात्रेत विकली जाते: विक्रेता वाळका गोळा पाण्यात टाकतो, तो उमलतो, गिऱ्हाईक हात जोडते. त्यात चमत्कार काही नाही. मात्र त्या गोळ्याने सर्व रोग जातात हे त्या विक्रेत्याचे म्हणणे मी तरी मान्य करणार नाही.

इतके झाले तरी थेंबाचा प्रश्न उरतोच. त्यासाठी जीवनचक्रात शिरावे लागते. वर्गात ते बाणांच्या वर्तुळाने शिकवले जाते आणि परीक्षेनंतर पुसले जाते. मी ते एका बारवेच्या काठावर नव्याने शिकलो.

जिंतूर तालुक्यातले चारठाणा काय, सेलू तालुक्यातले वालूर काय, परभणी जिल्ह्याला बारवांचे मोठे वैभव आहे. बीडची खजाना विहीर तर ऐन दुष्काळात पाणी टिकवून धरते म्हणून प्रसिद्धच आहे. अशा कोणत्याही बारवेत पाण्याची पातळी जिथवर चढते त्याच्या थोडे वर, उत्तराभिमुख भिंतीच्या सांध्यांत हंसराज हा नेचा असतो. काळा, तारेसारखा चकाकणारा देठ आणि त्यावर नखाएवढ्या पंखाकृती पानांची नाजूक झालर. पाणी घातले तरी पान भिजत नाही, थेंब घरंगळून जातो. पानाच्या कडेचा छोटासा भाग मागे दुमडलेला असतो आणि बीजाणू त्या दुमडीखाली तयार होतात. प्रत्येक बीजाणुधानीभोवती जाड भिंतींच्या पेशींचे एक वलय असते. हवा कोरडी झाली की त्या पेशींतले पाणी उडू लागते, उरलेले पाणी भिंतींना आत खेचते, वलय ताणले जाऊन मागे वाकते आणि धानी फाटते. मग ताण असह्य होऊन पेशीत एकदम बुडबुडा तयार होतो, वलय झटक्याने पूर्वस्थितीला येते आणि आतले बीजाणू गोफणीतल्या खड्यासारखे भिरकावले जातात. या यंत्राला लागणारी शक्ती वाळण्यातूनच मिळते, ही गोष्ट मला मराठवाडी माणूस म्हणून विशेष आवडते.

तो बीजाणू ओल्या विटेवर पडला तर त्यातून हंसराज उगवत नाही. उगवते ते एक वेगळेच रोप, हृदयाच्या आकाराचे, काही मिलिमीटरचे, कागदाहून पातळ. बारवेच्या पायऱ्यांच्या कडेला जिथे वीट भुसभुशीत झाली आहे तिथे श्रावणात मी ते पोटावर पालथे पडून भिंगातून पाहिले आहे, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भाच्याने “मामा, काही पडलं का तुमचं?” असे विचारले होते. या हिरव्या हृदयाच्या खालच्या अंगाला नर आणि मादी अवयव असतात. पाण्याचा पातळ थर मिळाला की नर अवयवातून मळसूत्रासारख्या वळलेल्या, अनेक कशाभिका (चाबकासारख्या शेपट्या) असलेल्या पेशी बाहेर पडतात आणि अंडपेशीकडे पोहत जातात. त्यांना वाट कशी कळते, हे १८८४ मध्ये विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले: मॅलिक आम्लाकडे त्या ओढल्या जातात. हेच आम्ल आपल्या हरभऱ्याच्या पानांवर असते. पहाटे धडुते फिरवून जी आंब गोळा करतात आणि पोटदुखीवर जपून ठेवतात, तिचा आंबटपणा बऱ्याच अंशी याच आम्लाचा. फलन झाले की त्या हृदयातूनच नव्या हंसराजाचा पहिला कोंब येतो आणि हृदय वाळून जाते. म्हणजे नेच्याच्या वंशात दोन स्वतंत्र पिढ्या आहेत. एक मोठी, दिसणारी, बीजाणू देणारी. दुसरी इवलीशी, कोणाच्या नजरेत न भरणारी, युग्मके, म्हणजे नर-मादी पेशी, देणारी. आजी आणि नात दिसायला सारख्या, आई मात्र अगदीच निराळी.

या दोन पिढ्यांची पाळी सर्व वनस्पतींत चालते, फक्त मोठेपणाचा वाटा बदलतो, हे ज्याने ओळखले तो विल्हेल्म हॉफमाइस्टर लाइपझिगमधला पुस्तक आणि संगीतलिपी विकणाऱ्याचा मुलगा होता. विद्यापीठात शिकलेला नव्हता. दुकानाच्या कामाआधी, भल्या पहाटे उठून सूक्ष्मदर्शकाशी बसायचा. १८५१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने शेवाळी, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांची जीवनचक्रे एकमेकांशेजारी मांडून दाखवली. डार्विनचा सिद्धान्त यायला अजून आठ वर्षे होती.

हरितांमध्ये हा वाटा उलटा असतो. पाण्याच्या टाकीखाली किंवा गच्चीच्या कठड्यावर जी हिरवी मखमल आपल्याला दिसते ती युग्मके देणारी पिढी आहे, आणि तिच्यातून वर आलेल्या केसासारख्या दांड्या व त्यांच्या टोकांवरच्या बोंडीवजा कुप्या ही बीजाणूंची पिढी. ही दुसरी पिढी जन्मभर आईच्या डोक्यावर उभी राहून तिच्याच जिवावर जगते. पाठ्यपुस्तकांत फ्युनारिया या हरितेची आकृती असते. तिच्या कुपीच्या तोंडाशी दोन फेऱ्यांत सोळा-सोळा दाते असतात आणि हवेतल्या ओलाव्यानुसार ते वाकत राहून बीजाणू एकदम न सोडता थोडे थोडे सोडतात. हरितांच्या नर पेशी थेंबातून पोहतात हे ठाऊक होते. पण २००६ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी असे दाखवले की बारीक किडे आणि कोळीवर्गीय जीव त्या पेशी एका झुबक्यातून दुसऱ्या झुबक्यात नेतात. फुलाआधी कित्येक कोटी वर्षे ही दलाली सुरू झाली असावी, असा तर्क त्यावरून करता येतो.

यकृतकांपैकी आमच्याकडे सहज भेटणारी रिक्सिया. पोळ्याच्या सुमारास शेताच्या बांधावर किंवा कुंडीतल्या आवळून बसलेल्या मातीवर रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या पडलेल्या दिसतात, प्रत्येक फाटा पुढे दोनात विभागत गेलेला. चकती उचलून नखाने फाडली तर आत काळे ठिपके दिसतात. ते बीजाणूंचे पुंजके. बाहेर येणारी दांडी नाही, कुपी नाही, दाते नाहीत. बीजाणूंची सगळी पिढी आईच्या पोटातच तयार होते आणि तिथेच संपते. मग बीजाणू बाहेर कसे पडतात? आई कुजते तेव्हा. ऑक्टोबरची तिरीप लागली की चकती करपते, तिच्याबरोबर बीजाणू मातीत मिसळतात आणि पुढचे आठ महिने ढेकळात पडून राहतात. या साध्या, आडमुठ्या योजनेत मला मोठे शहाणपण दिसते, कारण वाऱ्यावर दूर उडून अनोळखी खडकावर पडण्यापेक्षा जिथे आई जगली तिथेच पडून राहणे आमच्या हवामानात जास्त खात्रीचे आहे. हिमालय आणि पंजाबातल्या यकृतकांचा सखोल अभ्यास लाहोरच्या शिवराम कश्यप यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात केला. ते मूळचे वैद्यकीय शिक्षण घेतलेले. दख्खनच्या पठाराच्या या कोरड्या अंगाला असा एक कश्यप मिळायला हवा होता, असे मला नेहमी वाटते.

थेंबाच्या प्रश्नावर काही नेच्यांनी शोधलेला तोडगा याहून धीट आहे. त्यांनी फलनच गाळले. त्या हिरव्या हृदयातून, नर-मादी पेशींची भेट न होता, थेट नवे रोप फुटते. हे पहिल्यांदा १८७४ मध्ये फार्लो या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका नेच्यात पाहिले, आणि पुढे लक्षात आले की कोरड्या प्रदेशांतल्या नेच्यांत हा प्रकार बराच आढळतो. कारण उघड आहे. पाऊस आठ दिवसांत दडी मारणार असेल तर पोहण्यासाठी थांबायचे कशाला? आमच्या डोंगरांत दिसणाऱ्या हंसराजाच्या एका भावंडातही अशी पिलावळ होते. शिवाय त्याच्या लांब पानाचे टोक जमिनीला टेकले की तिथे मुळे फुटून नवे रोप उभे राहते, म्हणून त्याला चालणारा नेचा म्हणतात. अर्थात यात किंमत मोजावी लागते: सगळी पिल्ले एकसारखी निघतात, आणि नवा रोग आला तर सगळी एकदम सापडतात.

मात्र मराठवाड्याच्या स्वभावाला सर्वांत जवळची वनस्पती कोणती असे मला विचारले तर मी मार्सिलियाचे नाव घेईन. पाझर तलाव आटू लागले की काठच्या चिखलात ही पसरते. देठाच्या टोकाला चार पाकळ्यांसारखी चार पाने. घाईत पाहणारा तिला आंबुशी समजतो, पण आंबुशीला तीनच असतात आणि ती चवीला आंबट लागते. हा नेचा आहे असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही. तिच्या देठाच्या बुडाशी, चिखलाला लागून, मुगाच्या दाण्याएवढ्या काळसर टणक गोळ्या धरतात. त्यांत बीजाणू असतात, दोन प्रकारचे: लहान नराचे, मोठे मादीचे. तलाव तळाला गेला, चिखलाला भेगा पडल्या, गुरांनी तुडवले, तरी या गोळ्या तशाच राहतात. दशकानुदशके कोरड्या ठेवलेल्या गोळ्यांतले बीजाणूही रुजल्याची नोंद आहे. गोळीची एक बाजू ब्लेडने किंचित छिलून ती पेल्यात टाकून पाहावी. थोड्याच वेळात ती दुभंगते आणि आतून पारदर्शक चिकाची दोरी बाहेर सरकू लागते. दोरीला दोन्ही बाजूंनी बीजाणूंच्या पिशव्या लटकलेल्या असतात. गोळीपेक्षा कितीतरी पट लांबीची ही दोरी आत कशी मावली होती हे पाहणाऱ्याला कळत नाही. पुढचे काम, बीजाणू रुजणे, नर पेशींचे पोहणे, फलन, सगळे एकदोन दिवसांत उरकते. बी नसताना बीची बहुतेक कामे या गोळीने आपल्या अंगावर घेतली आहेत.

तिच्या ऑस्ट्रेलियातल्या बहिणीची एक कथा आहे. तिथले मूळ रहिवासी तिच्या गोळ्यांचे पीठ करून खात, पण विशिष्ट पद्धतीने तयार करून. १८६१ साली बर्क आणि विल्स यांची मोहीम वाळवंटात अडकली तेव्हा त्यांनी तेच पीठ भरपूर खाल्ले आणि खाऊनही ते खंगत गेले. या वनस्पतीत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. पीठ नीट तयार न केल्यामुळे त्यांना बेरीबेरीने ग्रासले असावे, असे पुढे अभ्यासकांनी मांडले. दोघेही मेले. मूळ रहिवाशांच्या आश्रयाला गेलेला त्यांचा सोबती किंग तेवढा वाचला.

मार्सिलियाची दुसरी आप्त मात्र आमच्याकडे चांगलीच रुळली आहे. अ‍ॅझोला. माझ्या मामींनी गोठ्यामागे लिंबाच्या सावलीत ताडपत्री अंथरून उथळ खड्डा केला आहे. त्यात चाळलेली माती, शेणकाला, थोडे सुपर फॉस्फेट आणि वीतभर पाणी. त्यावर तरंगणारी हिरवी-तांबूस साय त्या रोज सकाळी चाळणीने काढतात, तीनदा धुतात आणि शेळ्यांच्या पेंडीत मिसळतात. धुतले नाही तर शेणाच्या वासाने शेळी तोंड लावत नाही. ही साय म्हणजे सुटे सुटे नेचे, प्रत्येक नखाहून लहान. पानाच्या पोकळीत अ‍ॅनाबिना नावाचा नीलहरित जीवाणू राहतो आणि हवेतला नत्र बांधून देतो. तो बाहेरून यावा लागत नाही, आईच्या बीजाणूंबरोबरच पिल्लाला मिळतो. म्हणून तिच्या वाळलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा वा त्याहून जास्त प्रथिने असतात, आणि अनुकूल हवेत ती पाच-सहा दिवसांत दुप्पट होते. हे ‘अनुकूल हवेत’ प्रचाराच्या पत्रकांत बारीक अक्षरात असते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे सावली केली नाही तर अ‍ॅझोला आठवड्यात लाल पडून सडते. मामी होळी झाली की खड्ड्यावर जुन्या साड्यांचा मांडव घालतात, आणि तरीही मे महिन्यात उत्पन्न निम्म्यावर येते हे मान्य करतात. पाणी विकत घ्यावे लागते त्या वर्षी खड्डा बंद. पेंडीला संपूर्ण पर्याय म्हणून कोणी सांगत असेल तर त्याने मामींचा हिशेब ऐकावा.

उपयोगाचा विषय निघालाच आहे तर कोळशाबद्दल बोलायला हवे. जगातल्या कोळशाचे श्रेय सरसकट लेपिडोडेंड्रॉन या, तीस-चाळीस मीटर उंच वाढणाऱ्या प्राचीन अबीजी वृक्षांना देण्याची पद्धत आहे. युरोप आणि अमेरिकेतल्या कार्बनी कल्पाच्या, म्हणजे सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशाबद्दल ते बरोबर आहे. परंतु आपला गोंडवन कोळसा बहुतांशी त्यानंतरच्या पर्मियन कल्पातला, आणि तो मुख्यतः ग्लॉसोप्टेरिसचा. ग्लॉसोप्टेरिस बीजधारी होती. तेव्हा परळीच्या औष्णिक केंद्राकडे जाणाऱ्या वाघिणी पाहून ‘हे सगळे नेच्यांचे देणे’ असे भाषण करू नये.

खरे देणे भलतीकडे सापडते. तहसीलसमोरच्या ज्या झेरॉक्सच्या दुकानात आपण सातबाऱ्याच्या प्रती काढतो, त्या तंत्राची पहिली प्रतिमा चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये उमटवली. गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर विद्युतभार देऊन त्याने जी पूड भुरभुरली ती लायकोपोडियमच्या बीजाणूंची होती. शाई नंतर आली. आणि बारवांतच हंसराजाशेजारी उगवणारा, लांब पट्ट्यांच्या पानांचा टेरिस विट्टाटा हा नेचा जमिनीतले आर्सेनिक शोषून आपल्या पानांत साठवतो हे २००१ मध्ये सिद्ध झाले, तेव्हापासून दूषित माती स्वच्छ करण्यासाठी तो मुद्दाम लावला जातो. थंड प्रदेशातल्या दलदलींत स्फॅग्नम हरितेचे थरावर थर साचून पीट बनते. पीटभूमी जगाच्या जमिनीच्या फक्त तीन टक्के असूनही मातीतल्या कार्बनचा जवळपास तिसरा हिस्सा धरून आहे. ती हरिता आपल्याकडे नाही, म्हणून तिच्याविषयी इतकेच. आपल्या उघड्या मुरमावर काम करणारी हरिता मात्र अगदी साधी असते: पावसाच्या थेंबाचा मार ती झेलते, मातीचे कण धरून ठेवते आणि तिच्या पोटात साचलेल्या चिमूटभर धुळीत गवताचे बी रुजते.

त्याच मुरमाड माळावर पावसाच्या सुरुवातीला दोन इंचांचा एक नेचा येतो, ऑफिओग्लॉसम. एकच साधे हिरवे पान आणि त्यातून वर आलेली जिभेसारखी बीजाणूंची दांडी. गवत वाढले की तो दिसेनासा होतो. या गणातल्या एका जातीच्या पेशीत १,२६० गुणसूत्रे असल्याचे त्रिवेंद्रमच्या अब्राहम आणि निनान यांनी १९५४ मध्ये नोंदवले. माणसाकडे ४६ असतात.

पाण्यातल्या नेच्यांचे मराठवाड्याच्या दगडाशी नाते किती जुने असावे याचाही थोडा पुरावा आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एक लोंढा थंड होऊन दुसरा येईपर्यंतच्या काळात त्यावर तळी साचत, गाळ बसे, झाडे वाढत, आणि पुढचा लोंढा त्यांना गाडून टाकी. मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलान येथे याच लाव्ह्याच्या मधल्या गाळथरांत बीरबल सहानी यांना एका पाणनेच्याचे बीजाणुफळ दगड झालेल्या अवस्थेत मिळाले. त्याचे नाव रोडाइट्स, आणि ते मार्सिलियाच्याच गोतावळ्यातले मानले जाते. म्हणजे दोन संकटांच्या मधल्या सवडीत जगण्याची सवय या कुळाला तेव्हाही होती.

आता बारवांकडे परत येतो, कारण तिथे सध्या काहीतरी घडत आहे. गेल्या काही वर्षांत गावोगावची तरुण मंडळी एकत्र येऊन बारवा स्वच्छ करीत आहेत, गाळ उपसत आहेत, दीपोत्सव करीत आहेत. यांतल्या काही श्रमदानांत मीही घमेली उचलली आहेत, आणि हे काम व्हायलाच हवे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पिंपळ, वड, उंबर यांची मुळे सांध्यांत शिरून दगड उचकटतात. ती रोपे लहान असतानाच मुळासकट काढली पाहिजेत. परंतु उत्साहाच्या भरात भिंती तारेच्या ब्रशने खरवडल्या जातात आणि त्यात हंसराज, टेरिस, हरिता सरसकट जातात. त्यांची मुळे पिंपळाच्या मानाने उथळ असतात, दगडाला ती हलवू शकत नाहीत. मुख्य अडचण वेळेची आहे. श्रमदान होते ते पाणी तळाला गेल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा या वनस्पती वाळून भिंतीवरच्या घाणीसारख्याच दिसतात. कोणती घाण आणि कोणता नेचा हे त्या दिवशी कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की ज्या बारवेचे काम पुढच्या उन्हाळ्यात करायचे असेल तिथे आधीच्या श्रावण-भाद्रपदात एक चक्कर मारावी. कोणत्या सांध्यात काय हिरवे आहे ते मोबाइलवर टिपून घ्यावे, पिंपळ-उंबराची रोपे तेव्हाच ओल्या मातीतून उपटावीत, कारण ती तेव्हा सहज निघतात. ज्या दगडांवर नेचे आहेत त्यांचे फोटो, वरून कितवी पायरी आणि कोणत्या दिशेची भिंत, एवढ्या तपशिलासह गटावर टाकून ठेवावेत. मग मे महिन्यात ब्रश हातात घेणाऱ्या मुलाला दाखवायला काहीतरी असेल. पायऱ्यांवरची बुळबुळीत शेवाळी काढावीच, पाय घसरून माणूस पडतो. भिंतीवरच्यांना मात्र हात लावायचे कारण नाही.